आत्याचं घायपात

आमच्या घरात चार महिने असे गेले, की मी 'अत्ती' अशी हाक मारली की दोघीजणी वळून बघायच्या. कानडीत नवऱ्याची आईही अत्ती आणि वडिलांची बहीणही अत्ती. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मराठी-कानडी दोन्ही चुली पेटतात, त्यांना हे नवं नाही. माझं माहेर उदगीर, सासर भालकी, आणि आत्या लग्न होऊन हैदराबादला, काचीगुड्याला. १९५६ पूर्वी उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होते आणि सगळेच निजामाच्या हैदराबादेतले. नंतर उदगीर मुंबई राज्यात, भालकी म्हैसूरकडे आणि आत्याचं सासर आंध्रात गेलं. २०१४ पासून ती तेलंगणात आहे. ती म्हणते, "मी जागेवरच आहे गं, राज्यंच बदलतात."

काका रेल्वेत होते. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. मूल नाही. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे गच्ची, एवढ्यात आत्या एकटी राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत भयंकर पाऊस झाला, तिच्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं आणि दोन दिवस फोन लागला नाही. त्यात कोरोनाचा धसका. तेव्हापासून मी तिच्या मागेच लागले, की आता एकटीनं राहू नकोस, भालकीला ये. शेवटी जुलै २०२१ मध्ये ती आली. सोबत कपड्यांची एक पेटी आणि सहा कुंड्या.

सहाही कुंड्यांत घायपात होतं. आपल्या शेताच्या बांधावर असतं तेच, ज्याला खेड्यात केकताड म्हणतात आणि कानडीत कत्ताळी. त्याच्या पानांच्या वाखाचे दोर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वळले गेले. हैदराबादच्या गाडीत खिडकीशी बसलात तर रुळांच्या कडेलाही ते दिसेल. मूळचं ते मेक्सिकोकडचं. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला अगेव्ह हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ थोर, दिमाखदार असा होतो. त्याच्या एका जातीपासून तिकडे टकीला नावाची दारू काढतात. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना नको सांगू."

पण आत्याच्या कुंड्यांतली बांधावरची नव्हती. एक पिवळ्या काठाचं, दोन पांढऱ्या काठाची, एक मऊ पानांचं बिनकाट्याचं, आणि दोन अगदी लहान, पानांवर पांढऱ्या रेघा ओढल्यासारखी, कोबीच्या गड्ड्याएवढी. पहिलं पिल्लू काकांनी एका स्टेशनच्या बागेतून आणलं होतं, बाकीची आत्यानं नर्सरीतून जमवली.

सासूबाईंचं पहिलं वाक्य मला आजही आठवतं. "मुळ्ळिन गिडा मन्याग ब्याड." काटेरी झाड घरात नको. मी मध्ये बोलणार तेवढ्यात आत्यानं पिशवीतून जुन्या हवाई चपलेचे कापलेले चौकोनी तुकडे काढले आणि एकेका पानाच्या टोकाला खोचायला सुरुवात केली. शेंड्याचा काटा सुईसारखा असतो, मुलांच्या डोळ्याला लागला तर आयुष्याचं नुकसान. सासूबाई बघत राहिल्या. मग त्याही खाली बसून तुकडे खोचू लागल्या. शकुन-अपशकुनाचा विषय पुन्हा निघाला नाही, पण कुंड्या मात्र मागच्या अंगणातच राहिल्या.

आत्याची पद्धत साधी होती. माती लाल, तिच्यात तितकीच जाड वाळू आणि तितकाच विटांचा चुरा. शेणखत नावाला. कुंडी मातीची, बुडाला भोक मोठं, खाली ताटली ठेवायची नाही. ऊन भरपूर, फक्त बिनकाट्याच्या जातीला दुपारची थोडी सावली. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. पावसाळ्यात वरून एक थेंब नाही, उलट कुंड्या पत्र्याखाली सरकवायच्या. हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडून श्वास घेतं, म्हणून त्याचं पाणी उडत नाही. पिल्लू काढलं तर चार-पाच दिवस सावलीत पडू द्यायचं, जखम सुकली की मग लावायचं. कापताना हातमोजे हवेत, कारण चिकाची भयंकर खाज सुटते. आमच्या शेजारच्या एक बाई कोरफड समजून तोंडाला लावायला पान मागायला आल्या होत्या. त्यांना वेळीच थांबवलं, हे त्यांचं नशीब. दिसायला लांबून सारखंच. पण कोरफडीचं पान मोडलं की आत भरपूर गर असतो, ह्याच्यात वाख.

हे सगळं मी ऐकलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. मास्तरकीची सवय.

ऑगस्टमध्ये आत्या दहा दिवस उदगीरला माझ्या भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "परेशान होऊ नको, त्यांना काही करू नको, बस." मी काही करायचं नाही, हेच मला जमलं नाही. कॉलेजचे तास ऑनलाइन, हाताशी वेळ. मला त्या कुंड्या भिकार वाटत होत्या. विटांच्या चुऱ्यात कुणी झाड लावतं का? आमच्या भालकीची काळी कसदार माती, तिच्यावर सोयाबीन कसं डोलतं ते बघा. मी सहाही झाडं उपटली, नव्या मोठ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत काळी माती आणि मुरलेलं शेणखत भरून लावली, खाली ताटल्या ठेवल्या आणि मनापासून पाणी घातलं. आत्या आली तेव्हा झाडं छान ताजी दिसत होती. ती कुंड्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "बरं." मला ती कौतुकाची पावती वाटली.

सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आला. आपल्या भागात त्यानं काय केलं ते सांगायला नको, मांजरेकाठचे लोक विसरणार नाहीत. काळी माती आठ-आठ दिवस ओलीगच्च राहिली. आधी खालची पानं पिवळी पडली. मला वाटलं, अन्न कमी पडतंय, म्हणून मी आणखी खत घातलं. मग एका सकाळी लहानग्यांपैकी एकाला हात लावला तर अख्खा गड्डा हातात आला. खाली नुसता आंबूस वासाचा चिखल. दसऱ्यापर्यंत पाच गेली. सहावं आत्यानं स्वतः उपटलं, सडकी मुळं चाकूनं कापली आणि व्हरांड्यात वर्तमानपत्रावर कोरडं पडू दिलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री मी तिच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढत होते, ती नको म्हणत होती आणि मी वाढत होते. तेव्हा सासूबाई मला कानडीत म्हणाल्या, "बिडवा, अवरिगे साकंद्र साकु." त्यांना पुरे म्हटलं की पुरे. माझा हात तिथंच थांबला. चार महिन्यांत मी आत्याला एकटं बाजारात जाऊ दिलं नव्हतं. दूध आणायला नाही, देवळात नाही. हैदराबादेत ती सकाळी भाजीला जायची, दुपारी शेजारच्या मुलींना शिवण शिकवायची, संध्याकाळी गच्चीत बसायची. आमच्याकडे ती दिवसभर खुर्चीत बसून असायची आणि मी दर तासाला विचारायची, "काही हवं का?"

दिवाळीच्या आधी ती परत गेली. मी गाडीत बसवून दिली नाही, सोबत गेले. दार उघडून गच्चीत आलो तर कोपऱ्यात तिचं सगळ्यात जुनं, पांढऱ्या काठाचं घायपात उभं होतं. सिमेंटची कुंडी उचलेना म्हणून ते मागेच ठेवलं होतं. जुलै ते ऑक्टोबर कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. सगळा पावसाळा त्यानं उघड्यावर काढला होता. लाल माती आणि विटांच्या चुऱ्यातून पाणी निघून गेलं असावं. पानं टणक, धुतल्यासारखी स्वच्छ, बुडाशी दोन नवी पिल्लं. आत्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आत गेली आणि चहा ठेवला.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जाऊन येते. रोज फोन करायचे, ते आता एक दिवसाआड. हे ठरवायला मला बरेच दिवस लागले, आणि अजून रात्री हैदराबादेत पाऊस आहे असं कळलं की झोप लागत नाही.

यंदा फेब्रुवारीत तिचाच फोन आला. जुन्या झाडाच्या मधून दांडा निघाला होता. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं. काही जाती दहा-पंधरा वर्षांत, काही त्याहून उशिरा. मी म्हटलं, दांडा कापून टाकला तर वाचेल का? तिनं नर्सरीवाल्याला विचारलं होतं. उपयोग नाही, एकदा दांडा आला की ते चाललंच. "असू दे ना, फुलू दे," ती म्हणाली. मी गेले तेव्हा दांडा माझ्यापेक्षा उंच होता, उन्हाळ्यात तो पत्र्याच्या वर गेला, हिरवट फुलं आली, मग त्याच दांड्यावर बोटाएवढी शेकडो पिल्लं धरली. वाऱ्यानं ती गच्चीत गळून पडत होती. काहींना पांढरा काठ, काही नुसतीच हिरवी. आत्यानं गल्लीतल्या सगळ्यांना वाटली. काकांच्या फोटोसमोर एक ठेवलं.

मी अकरा आणली. भालकीची माती नको म्हणून बीदरहून लाल माती आणली, वाळू चाळली, विटा फोडल्या. सासूबाईंनी काचेच्या बरण्या देऊ केल्या, त्यांना भोक नाही म्हणून मी त्या परत दिल्या. पिल्लं लावून आज सतरा दिवस झाले. सकाळी सासूबाई तांब्या घेऊन कुंड्यांपाशी उभ्या होत्या. "नीरु हाकली?" पाणी घालू का?

मी जाऊन मातीत बोट खुपसलं. आत अजून गारवा होता.

"ब्याडरी अत्ती," मी म्हटलं.