गाडीच्या तळाचा कापूस

हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात हंगामात पहाटेपासून कापसाच्या गाड्या रांगेत लागतात. लिलावाच्या वेळी जाणता खरेदीदार वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे फारसे पाहत नाही. तो बाही मागे सारून कोपरापर्यंत हात आत घालतो आणि खोलवरचा कापूस उपसून काढतो. ओल तळहाताला कळते, कवडी डोळ्यांना दिसते, धाग्याची लांबी दोन चिमटींत ताणून पाहता येते. एवढे करूनही जिनिंगमध्ये गाडी रिकामी होताना तळाशी वेगळा माल निघाला, तर ‘वांधा’ उभा राहतो. बोललेला भाव खाली येतो, शब्दाला शब्द लागतो, प्रसंगी प्रकरण वांधा समितीपुढे जाते. या आवाराशी तीन पिढ्यांचा संबंध असलेल्या एका जैन अडत्याच्या घरचा मुलगा आज पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत पंचवीस माणसांच्या चमूचा प्रमुख आहे. ‘वांधा’ हा शब्द तो कार्यालयातही वापरतो; तेथील मंडळींना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे केवळ गावाचे नाव नव्हते, ते कापसाच्या एका प्रतीचे नाव होते. 1861 ते 1865 या काळातील यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. आणि भाव आला की त्याच्या पाठोपाठ भेसळही येते. आखूड धाग्याचा माल चांगल्या मालाच्या नावाखाली गाठीत जाऊ लागला, वजनासाठी पाणी शिंपडले जाऊ लागले. मुंबई इलाख्यात तर 1863 मध्ये कापसातील लबाडीसाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. पुढे 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. गाठ जगात कोठेही उघडली आणि आत काही गैर निघाले, तरी ती कोणत्या प्रेसमधून बाहेर पडली हे सांगता यावे, हा त्यामागील हेतू. सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रत्येक ओळीवर ती कोणी, केव्हा लिहिली याची नोंद आपोआप राहते. त्यामुळे चिन्ह आहे, अनुक्रमांक आहे. परंतु गाठ उघडून पाहणारा ग्राहक सहसा नसतो. त्याला दाखवतात ते प्रात्यक्षिक, म्हणजे गाडीचा वरचा थर.

या धंद्यातील भेसळीचे प्रकार अडत्याला नवे वाटू नयेत. मुलाखतीला अनुभवी माणूस बसवायचा आणि कामावर नवखा पाठवायचा. सहा तास काम झालेले असताना नोंदवहीत नऊ तास भरायचे. काम अडलेले असताना साप्ताहिक अहवालात हिरवी खूण करायची. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनमापे आणि नकली मालाचा व्यवहार सांगितला आहे. पहिल्या दोन प्रकारांना ती नावे जशीच्या तशी लागू पडतात. तिसरा सत्यव्रताच्या ‘कूटलेखक्रिये’त मोडतो.

गेल्या भाद्रपदात या तरुणापुढे जो प्रसंग आला, तो मात्र यांपैकी कशातच सरळ बसत नव्हता. त्याच्या चमूने परदेशातील एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी बिलांची प्रणाली तयार केली होती. आर्वीकडची एक तरुण अभियंता दुसरेच काही तपासत असताना तिला एक दोष सापडला. महिन्याच्या अखेरच्या दिवशी निघालेल्या काही बिलांत सवलतीची रक्कम वजा होत नव्हती. एकेका बिलातील फरक किरकोळ होता, पण हे पाच महिने चालले होते, आणि जादा पैसे भरत होते ते छोटे औषधविक्रेते. कोणाचीही तक्रार नव्हती. तिने ते रात्रीच प्रमुखाला कळवले.

वरिष्ठांचा सल्ला व्यवहारी होता. पंधरवड्याने नवी आवृत्ती जाणारच आहे. दुरुस्ती तिच्यात घालावी आणि सोबतच्या टिपणात ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहावे. कराराचे नूतनीकरण त्याच महिन्यात होते. यात कोणी खोटे बोलत नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष दुरुस्तच होणार होता.

दशलक्षण पर्वासाठी तो दोन दिवस गावी आला होता. मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे विवेचन चाले, आणि त्या दिवशी नेमका सातवा अध्याय होता. सत्याच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ आला. ठेव ठेवणारा आपल्या ठेवीची संख्या विसरून कमी मागू लागला आणि ज्याच्याकडे ती आहे त्याने ‘बरे, तेवढी घेऊन जा’ म्हटले, तर तो न्यासापहार, असे टीकाकार सांगतात. याला चोरीच्या नव्हे, असत्याच्या सदरात घातले आहे. तसे पाहिले तर बोलणारा काहीच खोटे बोललेला नाही. त्याने समोरच्याचे अज्ञान फक्त मान्य केले आहे. हे वचन त्याने लहानपणापासून अनेकदा ऐकले होते. या खेपेस ऐकताना त्याला ते पाच महिने आठवले.

घरी आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “बाबा, वांधा तू काढणार की समोरचा काढणार?” बाजाराचा अनुभव असा की स्वतः सांगितलेल्या वांध्यात भाव तुटतो, समोरच्याने काढलेल्या वांध्यात पुढची गाडीही तुटते. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी रोख आणि बँकशिलकेत 5,040 कोटी रुपयांचा आकडा खोटा असल्याची कबुली दिली, तेव्हा हा तरुण नागपूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. सुरुवातीची तफावत लहान होती आणि ती वर्षानुवर्षे वाढत गेली, असे त्या कबुलीपत्रातच म्हटले होते. आजोबांना तो तपशील अजून स्मरतो. पेढीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची चाल आहे.

पुण्याला परतून त्याने वरिष्ठांना आधी सांगितले, मग ग्राहकाला लिहिले: दोष कोणता, कोणत्या तारखांचा, किती बिलांत. दोन दिवस उत्तर आले नाही. नंतर आले ते थंड होते. पाच महिन्यांचा हिशेब पुन्हा करून द्यावा, खर्च कंपनीने सोसावा. आणि नूतनीकरणात निम्मे काम दुसऱ्या कंपनीकडे गेले. आठ माणसांना काम उरले नाही. त्यांना बोलावून सांगणे हेही त्याच्याकडेच आले. त्यांतील एकाने, ज्याच्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, शांतपणे विचारले, “सर, तुमच्या खरेपणाचे पैसे आम्ही का भरायचे?”

या प्रश्नावर तो निरुत्तर झाला, आणि तसे होणे योग्यच होते. आजोबांचा प्रामाणिकपणा त्यांच्या स्वतःच्या थैलीतून जाई. एखादी गाडी तुटली तर घरातील एखादा दागिना लांबणीवर पडे. वर्ध्याचे जमनालाल बजाज स्वतः कापसाचे व्यापारी होते आणि अनेक वर्षे काँग्रेसचे कोषाध्यक्षही. आपल्या पैशाचे दान आणि लोकांच्या पैशाची राखण ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. जिल्ह्यातील मुले शाळेच्या सहलींत बजाजवाडी आणि सेवाग्राम पाहतात, विश्वस्त हा शब्द पाठ करतात आणि बसमध्ये बसून विसरतात. चमूचा प्रमुख हा ग्राहकाचा विश्वस्त आहे तसा चमूचाही आहे. आणि आठ माणसांना आधी विश्वासात घेतले असते तर निर्णय बदलला नसता, पण तो त्यांच्यावर आकाशातून कोसळलाही नसता. ही चूक त्याने पुढे त्यांच्यासमोर मान्य केली. आठांपैकी पाच जण काही महिन्यांत इतर कामांवर लागले, दोघांनी कंपनी सोडली. हप्त्यांचा प्रश्न विचारणारा राहिला. तो अजूनही प्रमुखाशी कामापुरतेच बोलतो.

ग्राहकाचे उरलेले निम्मे काम चालू आहे. माघ महिन्यात एका रात्री साडेअकरा वाजता त्या आर्वीच्या मुलीचा संदेश आला. आणखी एक दोष सापडला होता. त्या ओळींवर कोणाच्या नावाची नोंद आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात लिहिले होते. ते नाव तिचे स्वतःचे होते.