दोन तास बाजरी, एक तास तूर

बाजरीत तूर घेतली की तूर बाजरीला खत घालते, असं ठासून सांगणारे भेटतात. मी मान हलवतो, वाद घालत नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात हे खरं, पण त्या हंगामात त्यातलं बहुतेक तूरच वापरते. पाला झडून कुजला, की पुढच्या पिकाला काही मिळतं. आमच्या सोलापूरकडच्या कोरडवाहू रानात ही जोडी टिकली ती वेळेवर.

बाजरी घाईची. ८०-९० दिवसांत मोकळी. तोवर तूर कशीबशी कमरेला लागते. तिचं सगळं लक्ष खाली मूळ सोडण्याकडे. बाजरी कापली की रान तिचं एकटीचं. आणि आमच्याकडे पावसाचा भर सप्टेंबरात. पक्क्या बाजरीला तो नकोसा, कणसं काळी पडतात. तुरीला फुलोऱ्यात तीच ओल लागते. जुलैची उघडीप लांबली तर बाजरी मार खाते, परतीचा पाऊस हुकला तर तूर. दोन्ही एकदम बुडणारी सालं येतात, पण कमी.

पेरायची रीत तिफणीतच बसलेली. दोन नळ्यांतून बाजरी, चाड्याच्या तिसऱ्या भोकात चिंधीचा बोळा, आणि त्या तासात मागून सरत्यानं तूर. सरतं आईच्या हातात असे. बैल वळले की मूठ आवळायची, सरळ झाले की सोडायची. आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात कप्पे बदलले की झालं. मूठ कुणाची चांगली, हा वाद मिटला.

मालदांडीत मात्र मी हरभरा घालत नाही. रब्बीची ज्वारी भारी रानातल्या साठल्या ओलीवर येते, वरून भर फारशी नाही. हरभराही त्याच महिन्यांत तीच ओल पितो, शिवाय ज्वारीच्या सावलीत घाटे कमी धरतो. दोघांची तहान एकाच वेळची, म्हणून रानं वेगळी. ज्वारीचं ताटही विरळच ठेवतो. दाट ज्वारी बघायला छान दिसते, आणि पोटरीत येता येता वाळते.

मुरमाड पट्ट्यात तुरीच्या मुळाला खोलीच नाही. तिथं बाजरीत मटकी. वेल जमीन झाकतो, ओल थोडी जास्त टिकते. फक्त ती उपटताना बाजरीची धसकटं हाताला लागतात, बाया कुरकुरतात, आणि रोजावर शेर-अर्धा शेर मटकी जास्तीची द्यावी लागते.