शुक्रावरच्या पाहुण्या

चि. प्रमोद,

गणपतीतल्या नाटकात तुमच्या फुलसावंगीत उडती तबकडी उतरवायचं तुझं खूळ मला आवडलं. पण बाप्पा, नाटकाची पहिली तीन पानं नुसत्या यानाच्या दिव्यांवर गेलीत. गावातला माणूस कुठाय त्यात?

लिखाण थांबव आणि आधी एक जुना मेक्सिकन सिनेमा बघ. ‘ला नावे दे लोस मोन्स्त्रुओस’, 1960 चा, कृष्णधवल. शुक्रावरचे पुरुष संपलेत, म्हणून गामा आणि बेटा या दोन सुंदऱ्या ग्रहोग्रही नर गोळा करत निघतात. यानात एक एकडोळ्या, एक नुसता हाडांचा सापळा, एक उघड्या मेंदूचा मंगळाचा राजपुत्र. सोंगं इतकी कच्ची की तुमचं मंडळ त्याहून बरी करेल. यान उतरतं उत्तर मेक्सिकोतल्या चिवावात, आणि तिथं भेटतो लाउरियानो: घोड्यावर बसून गाणी म्हणणारा, गुत्त्यात बसून थापा ठोकणारा. एउलालियो गोन्सालेस ऊर्फ ‘पिपोरो’ या नटानं तो केलाय. ‘सोंगाड्या’तला दादा कोंडक्यांचा नाम्या भोळा, हा मात्र पक्का बाताड्या. म्हणूनच राक्षस खरोखर येतात आणि हा घामाघूम होऊन सांगायला धावतो, तेव्हा गुत्त्यातलं कुणी ढुंकून बघत नाही. रोजची थाप!

सगळी गंमत इथं आहे. यान नंतर.

आणि त्यांच्या यानातला यंत्रमानव, टोर! तो प्रेमात पडतो कुणाच्या, तर नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीच्या. लोखंडाचा जीव लोखंडावर जडला. मला तरी नायक-नायिकेपेक्षा ही जोडी खरी वाटली.

परग्रहाचे असले सिनेमे आपल्या देशातही झालेत. तमिळ ‘कलै अरसी’त (1963) परग्रहवासी संगीत शिकायला इथली गायिकाच पळवून नेतात, 1967 च्या ‘चाँद पर चढाई’त दारासिंग चंद्रावर गेला. मराठीत मात्र अद्भुत विनोद म्हटला की भूत, ‘एक डाव भुताचा’सारखं. तुझी तबकडी त्यामुळं नवीच ठरेल.

एक मात्र जप. ऑगस्ट 2021 मध्ये तुमच्याच गावातला चोवीस वर्षांचा वेल्डर पोरगा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंखा तुटल्यानं मरण पावला. त्याची माणसं प्रेक्षकांत बसतील. तेव्हा यान कोसळण्याचा, पंखा तुटण्याचा विनोद अजिबात नको. यान नीट उतरव, नीट उडव. हसायचं ते पारावरच्या बाताड्यावर.

सिनेमा दीड तासाच्या आतच संपतो, स्पॅनिश कळलं नाही तरी अडत नाही. बघ, आणि पहिला प्रवेश चहाच्या टपरीवरचा लिहून मला पाठव.

तुझा,
मामा