बॅटरीचा जमाखर्च

गाडी सुरू झाली नाही की गॅरेजमध्ये पहिले वाक्य ऐकू येते, 'बॅटरी गेली.' आमच्या वस्तीच्या मंडळाची जुनी डिझेल जीप आहे. बाळंतिणीला, आजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचविण्यासाठी ती वर्गणीतून घेतली. वर्षाच्या आत दुसरी बॅटरी घाला, असे सांगण्यात आले तेव्हा आम्ही साफ नाही म्हटले. पैसा धुणीभांडी करणाऱ्या बायाबापड्यांचा होता.

आम्ही पडलो कारकून. बॅटरी आम्हाला पासबुकासारखी दिसते. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवितो. १२ वर आला तर शिल्लक संपत आली समजावे. इंजिन सुरू असताना डायनॅमो जमा करतो, तेव्हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा.

आय.टी.आय. झालेला आमचा भाचा मीटर घेऊन आला. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. बॅटरीवर १३.५, डायनॅमोच्या आउटपुटवर, त्याच्याच अंगाशी मोजले तर १४.१. मधले ०.६ गेले कुठे? ताळेबंद जुळला नाही की आम्हाला झोप येत नाही. प्लसची केबल तपासली, तिच्यात जेमतेम ०.१ हरवत होते. म्हणजे गळती परतीच्या वाटेवर.

वीज तारेने जाते, पण परतते गाडीच्या लोखंडातून. यालाच अर्थ म्हणतात. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून त्याला चासीशी जोडणारी जाड पट्टी लागते. भाच्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावले. "मामा, सेल्फ मारा." आकडा २.४! तिथे ०.२-०.३ च्या वर जाऊ नये.

बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडून पट्टी काढली. कोणीतरी चासीच्या रंगावरच बोल्ट आवळलेला, खाली गंज. नव्या बॅटरीनेही तो हटला नसता! पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केले, नवी पट्टी घट्ट आवळली, वरून ग्रीस लावले, निगेटिव्ह शेवटी जोडले. सेल्फ मारून पुन्हा मोजले, ०.१५.

अर्धपोटी राहिलेली बॅटरी मात्र रात्रभर चार्जरवर ठेवावी लागली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि विडीवाल्या मंडळींना अंगणात पिटाळले.