आबांचा रिमोट

आमच्या हळदीच्या खोलीत आता हळद नसते. हळद बंद करून बारा वर्षं झाली, रानात सगळा ऊसच आहे. त्या खोलीत माझे टीव्ही आहेत. मोजून 31. कारभारीण म्हणते, "भंगारवाल्याच्या घरात दिलं असतं तर निदान दुकान तरी रस्त्याला असतं." तिचं खोटं नाही. निम्मे टीव्ही मी आष्ट्यातल्या नि इस्लामपुरातल्या भंगारातनंच वजनावर आणलेत. भंगारवाला टीव्हीची मान फोडतो, मागची तांब्याची कॉइल काढून घेतो आणि बाकीचं टाकून देतो. त्याच्या आधी आपण पोचलं पाहिजे.

क्राऊन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर, व्हिडिओकॉन, ओनिडा. त्यातले दोन लाकडी कपाटाचे, शटर ओढून कुलूप लावायचे. परीक्षेच्या दिवसांत आमच्या आळीतले एक मास्तर किल्ली जानव्याला बांधून शाळेत जायचे. पण माझा जीव अडकतो तो रिमोटच्या टीव्हीत, आणि तेही पहिल्या-पहिल्या रिमोटच्या. का, ते पुढं सांगतो.

आमच्याकडं रिमोट यायच्या आधी रिमोट म्हणजे घरातलं धाकटं पोर. "ऊठ रं, आवाज वाढीव." "गच्चीवर जाऊन अँटेना फिरीव. आलं का? न्हाई, अजून थोडं डावीकडं." 1984 साली देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली आणि खेड्यापाड्यात टीव्ही दिसायला लागला. 1987 ला रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, तेव्हा आमच्या सोप्यात चपलांचा ढीग पडायचा. पडद्याला हळदीकुंकू लावलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

वायरचा रिमोट मी पहिल्यांदा भाड्याच्या व्हिडिओबरोबर बघितला. गणपतीत रात्रभर तीन पिक्चर. ज्याच्या हातात ती वायर, तो गावचा पाटील.

रिमोटचं मूळ मात्र अमेरिकेत. नातवानं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. झेनिथ नावाच्या कंपनीनं 1950 साली वायरचा रिमोट काढला, नाव ठेवलं 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी माणूस. लोक त्या वायरीत पाय अडकून पडायला लागले. मग 1955 ला बॅटरीसारखा उजेड पाडायचा रिमोट आला. टीव्हीच्या चारी कोपऱ्यांत उजेड ओळखणारे डोळे. पण खिडकीतनं ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. मग 1956 ला रॉबर्ट अॅडलर या माणसाच्या डोक्यातनं निघालेला रिमोट आला. त्यात सेलच नाही. आत अॅल्युमिनियमच्या कांड्या. बटण दाबलं की हातोडी कांडीवर बसायची आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा नाद निघायचा. टीव्ही तो नाद ओळखायचा. यातही खोड होतीच. किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी टीव्ही हलायचा.

अशा न ऐकू येणाऱ्या नादाचा, पण सेलवर चालणारा, एक जर्मन ग्रुंडिग माझ्याकडं आहे. रिमोट नाही, नुसता टीव्ही. मी त्याच्यापुढं बेंदराची बैलाची घुंगरमाळ हलवून बघितली. दहादा हलवल्यावर एकदा आवाज वाढला. कारभारीण दारात उभी राहून बघत होती, काही न बोलता आत गेली.

आता घरचं.

1989 च्या पावसाळ्यात आबांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सहा फुटी माणूस, शब्दाला वजन असलेला, सोप्यातल्या बाजेवर पडून. दादा तेव्हा सांगलीत नोकरीला, मी रानात. त्या वर्षी उसाचं बिल बरं आलं. दादा म्हणाला, "आबांसाठी रंगीत टीव्ही घेऊ, रिमोटचा." मला वाटलं होतं विहिरीवर नवी मोटर बसवावी. भांडलो. शेवटी टीव्ही आला, 13 हजाराच्या आसपास गेले. तेव्हा दिसायचं एकच चॅनल, मग रिमोट कशाला? चालू करायला, बंद करायला, आवाज कमी-जास्त करायला, एवढंच.

पण आबांनी त्या एवढ्याशावर घर चालवलं. डावा अंगठा चालायचा. बातम्यांत आवाज वाढवला म्हणजे सगळ्यांनी गप बसायचं. जेवण उशिरा झालं की आवाज पार शेवटाला. पाहुणा आवडला नाही तर बोलता बोलता टीव्ही मोठा व्हायचा आणि पाहुणा उठायचा. 'आमची माती आमची माणसं' लागलं आणि मी घरात असलो की दोनदा आवाज वर-खाली करायचे. म्हणजे, इकडं ये, बघ हे. मी बऱ्याचदा ऐकून न ऐकल्यासारखं करून गोठ्यात जायचो. वाढवायच्या बटणावरची अधिक ही खूण वर्षभरात पुसून गेली.

1992 ला आबा गेले. 1994 ला वाटणी झाली. भाऊबंद सोप्यात बसले, भांडी मोजली, बैलजोडी माझ्याकडं, टीव्ही दादाकडं. दादानं टीव्ही टेंपोत ठेवला, वहिनी रिमोट शोधायला लागली. रिमोट माझ्या पैरणीच्या खिशात होता.

का ठेवला? मोटरीचा राग होता. आबा दादाचं नाव ऐकलं की डोळ्यांत पाणी आणायचे आणि हागणं-मुतणं मी काढायचो, त्याचाही राग होता. दादाची पोरं तीनदा विचारायला आली. "काका, रिमोट?" "न्हाई घावला." पोरं मोठी झाली. दादाचं आमच्याकडं येणं लग्नाकार्यापुरतं राहिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी भंगारात तसाच दिसणारा टीव्ही दिसला. दोनशे रुपयांना आणला, मेकॅनिककडून सुरू केला, आणि ट्रंकेतला रिमोट काढला. सेल फुगून पांढरा-हिरवा खार चढलेला. लिंबाच्या रसानं पत्र्या घासल्या, कार्बनचे ठिपके स्पिरिटनं पुसले. रिमोट सुरू झाला, पण टीव्हीनं ओळख दिली नाही. वरनं सारखा दिसला तरी आतली खूणभाषा वेगळी. तेव्हापासून टीव्ही आणतच गेलो. प्रत्येकावर तो रिमोट धरून बघायचा. लोकांना वाटतं छंद आहे. मीही तसंच सांगतो.

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. दादाचं घर नदीकडच्या भागात, बैठं. पाणी उतरल्यावर मी थोरल्या पोराला घेऊन, खोरी-घमेली घेऊन गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, फ्रिज, पुस्तकं, सगळ्यावर एकाच रंगाचा गाळ. वास सांगता येत नाही. दादा खुर्चीवर बसला होता, मला बघून नुसता उठला. आम्ही दिवसभर गाळ काढला. संध्याकाळी माळ्यावरच्या सामानाचा ढीग बाहेर आला आणि त्यात तो टीव्ही होता. मला वाटलं होतं, कधीच विकला असेल.

वहिनी म्हणाली, "सतरांदा म्हटलं टाका. ऐकतील तर."

टेंपोत घालून मी तो आष्ट्याला आणला. गोड्या पाण्यानं हळूहळू धुतला, महिनाभर सावलीत वाळवला. मेकॅनिक म्हणाला, आत गंज लागलाय, आता उजेड पडायचा नाही. ठेवला तसाच, मधल्या फळीवर.

दिवाळीत दादा आला. स्वतःहून, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. हळदीच्या खोलीत उभा राहून सगळे टीव्ही बघितले, मग त्या फळीपाशी गेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "रिमोट तुझ्याकडंच आसंल."

मी ट्रंक उघडली. दादानं रिमोट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, पुसलेल्या बटणावर अंगठा ठेवला. बराच वेळ तसाच. टीव्हीकडं धरून दाबलं. काही झालं नाही.

"टीव्ही मेलाय," मी म्हणालो. "रिमोट चालतोय. थांब." मी मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटच्या तोंडापुढं धरला. "आता दाब."

डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. मोबाईलमध्ये जांभळट ठिपका लुकलुकला. दादानं परत दाबलं, परत लुकलुकला. आतनं कारभारीण चहा निवतोय म्हणून ओरडत होती. दादा दाबतच होता.