रात्रपाळी

4 मार्च 2025
घाटी रुग्णालयातून आलो. भाच्याचा एचआयव्ही व्हायरल लोड 7,200. हजाराच्या वर गेला की धोका. गेल्या वर्षी मोजण्याइतकाही नव्हता.
एसटीत तो बोलला नाही. बिडकीन येईपर्यंत मीही नाही.

5 मार्च
विचारलं. "आत्या, रात्रपाळीत गोळी राहून जाते."
चितेगावची कंपनी. जेवायला चौघं जण मांडीला मांडी लावून बसतात. डबी काढली की कसली गोळी रे, हे आलंच. सकाळी घरी येऊन घेईन म्हणतो आणि झोपतो. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने कंपनी त्याला आजार सांगायला भाग पाडू शकत नाही. त्या चौघांना कायदा कोण सांगणार?

7 मार्च
जुनी फाइल काढली. 2017 चा कागद. अकरा वर्षांचा होता. नेव्हिरापीन चालेनाशी झाली तेव्हाची तपासणी. विषाणूतले दोन बदल लिहिलेत: के103एन, एम184व्ही. त्यानंतर लोपिनाविरचं ते कडूजहर पातळ औषध. आधी गूळ, मग औषध, मग परत गूळ. दादा-वहिनी नव्हते तेव्हा.
184 म्हणजे लॅमिवुडीन लागू पडत नाही. आजच्या गोळीत तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिवुडीन, डोल्युटेग्राविर. मग एक वाया?
झोप नाही.

9 मार्च
रविवार. दिवसभर वाचलं.
औषध नसलेल्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू. प्रत्येकात साडेनऊ हजारांहून जास्त अक्षरं, उतरवून घेताना चुका होणारच. म्हणजे 184 चा बदल गोळीने घडवलेला नाही. तो कुठे ना कुठे होताच, गोळीने त्याला निवडलं. दहावीच्या पोरांना दर वर्षी हेच शिकवते, आनुवंशिकता व उत्क्रांती. पहिलाच धडा.
विषाणूच्या विकराच्या 184 व्या जागी मेथिओनीन जाऊन व्हॅलिन येतं. तिथे लॅमिवुडीनला बसायला जागा उरत नाही. पण हा बदल विषाणूलाही महागात पडतो. त्याची वाढ मंदावते. शिवाय टेनोफोविर आणि झिडोवुडीन त्याच्यावर जास्त लागू पडतात.
ते कसं, हे दोनदा वाचावं लागलं. ही औषधं विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खोटा दुवा म्हणून बसतात, साखळी तिथेच थांबते. विकर तो दुवा उपटून काढू शकतो. शेजारच्या मावशी पैठणीत चुकलेला बाणा उसवून पुन्हा भरतात, तसा. 184 बदलला की ही उसवायची ताकद घटते.
म्हणून लॅमिवुडीन चालू ठेवतात. वाया नाही. बदललेल्या, अशक्त विषाणूलाच पुढे ठेवण्याचं काम ते करतं.

10 मार्च
के103एन तसा नाही. त्याने विषाणूचं फारसं बिघडत नाही, त्यामुळे औषध बंद झालं तरी तो रेंगाळतो. 184 वाला मात्र औषध थांबलं की मागे पडतो आणि मूळचा दांडगा वर येतो. तपासणीत 184 दिसत नाही, पण पेशींत लपलेला असतो. पुन्हा औषध दिलं की हजर.
म्हणजे कागद कोरा आला तरी निर्धास्त व्हायचं नाही.

12 मार्च
घाटी. डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, कागद जुना आहे. आधी तीन महिने एकही गोळी चुकू देऊ नका. मग परत लोड बघू. आत्ताच औषध बदलायचं नाही."
नादिया चाचणीचं विचारलं. युगांडा, केनिया, झिम्बाब्वे. 184 असलेल्यांतही याच तीन औषधांनी बहुतेकांचा विषाणू दबला. 2021 चा निष्कर्ष. "वाचलंत होय," म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे वळून बोलल्या. बरं केलं. गोळी त्यालाच घ्यायची आहे.

14 मार्च
धुळवड. खेळून आला. कान अजून हिरवे.

16 मार्च
गोळी संध्याकाळी सहाला. पहिली पाळी असो की रात्रपाळी, सहाला तो घरी असतो.

20 मार्च
नाथषष्ठी. गल्लीत दिंड्याच दिंड्या. तो मित्रांबरोबर वारकऱ्यांना पाणी वाटत होता. सहाला गर्दीतून वाट काढत घरी आला, गोळी घेतली, परत गेला. मी हाक मारली नव्हती.

30 मार्च
पाडवा. कडुनिंब चावताना म्हणाला, "लोपिनाविरपुढे हे काहीच नाही."

17 एप्रिल
मार्क वेनबर्ग यांच्याबद्दल वाचलं. कॅनडाचे संशोधक. लॅमिवुडीनपासून 184 पर्यंत, पुढे डोल्युटेग्राविरला चकवणारा आर263के हा बदलही त्यांनी अभ्यासला. तोही विषाणूला दुबळा करतो. 2017 मध्ये गेले. आमचा कागद त्याच सालचा.
दुबळा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. अर्धवट औषधात विषाणू वाढत राहतो, आणि वाढता वाढता ती कसर भरून काढणारे आणखी बदल मिळवतो. याचीच भीती वाटते.

8 मे
ताप. दोन दिवस. साधाच निघाला.

11 जून
रक्त दिलं.

23 जून
310.
हजाराच्या खाली. पण आहे. डॉक्टर समाधानी, पुन्हा तपासू म्हणाल्या. मी गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून बघत बसले.

29 जून
जुलैपासून दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. सहाची वेळ कामावर येते. त्यालाच विचारलं, काय करायचं.
"दोनला घेतो, निघायच्या आधी."
डॉक्टरांना विचारते म्हटलं.
"मी कालच फोन केला, आत्या. चालेल म्हणाल्या."