लॅमिंग्टन रोडवरील एक दुपार

मुंबईस चर्नी रोड स्थानकावर उतरून ऑपेरा हाऊसवरून उत्तरेकडे वळलें म्हणजे जो गजबजलेला रस्ता लागतो, त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तथापि लोकांच्या तोंडीं तेथें अद्यापि लॅमिंग्टनसाहेबच बसले आहेत. हे गृहस्थ १९०३ पासून १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. आमच्या तरुणपणीं रेडिओच्या सुट्या भागांसाठीं लोक या पेठेंत येत. आज ती इलेक्ट्रॉनिक्सच्या नाना जिन्नसांनीं भरली आहे. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही नातवासह तेथें गेलों, तें एका चष्म्याच्या सामग्रीसाठीं.

हा चष्मा साधा नव्हे. तो डोळ्यांवर बांधिला म्हणजे जिकडे मान वळवावी तिकडचें दृश्य दिसतें. यास व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात, आम्ही आभासी सृष्टि म्हणूं. आमचे वडील बंधू चार वर्षें अंथरुणास खिळले आहेत. वाईचा गणपतीचा घाट पुन्हां एकदां पाहावा, एवढाच त्यांचा ध्यास. नातवानें घाटावर दोन कॅमेरे शेजारीं शेजारीं ठेवून चहूं दिशांचीं चित्रें घेतलीं आहेत. बाजारांत तयार चष्मे मिळत नाहींत असें नाहीं. परंतु कित्येकांचें वजन अर्ध्या किलोच्या घरांत, आणि दादांची मान तेवढा भार सोसणार नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. तेव्हां हलका चष्मा घरींच करणें आलें. संगणक बाजूस ठेवावयाचा. डोळ्यांपुढें केवळ पडदा व भिंगें.

तत्त्व जुनेंच आहे. माणसाच्या दोन बाहुल्यांत सुमारें ६३ मिलिमीटर अंतर असतें. म्हणून प्रत्येक डोळ्यास किंचित् निराळें चित्र दिसतें, व त्या दोहोंच्या मिलाफांतून खोली भासते, हें व्हीटस्टननें १८३८ मध्यें दाखवून दिलें. २०१२ मध्यें पामर लकी नामक अमेरिकन तरुणानें हौसेनें केलेला असला चष्मा लोकवर्गणीच्या बळावर पुढें आणला. २०१४ सालच्या दुसऱ्या नमुन्यांत तर चक्क मोबाइल फोनचाच पडदा बसविला होता.

फोनचे पडदे लॅमिंग्टन रोडवर हवे तितके. पहिल्याच दुकानांत एक म्हातारे कच्छी शेठ भेटले. नातवानें आपली गरज सांगतांच ते म्हणाले, “मास्तर, काच देतो, पण तिचा कागद कुठून देऊं?” या एका वाक्यांत सारी अडचण होती. संगणक एचडीएमआयच्या तारेनें बोलतो, फोनचा पडदा एमआयपीआय नांवाची वेगळीच भाषा जाणतो. मध्यें दुभाष्या बोर्ड हवा. शिवाय पडदा जागा होण्यापूर्वीं त्यास ठराविक आज्ञा ठराविक क्रमानें द्याव्या लागतात; कोणत्या टोकास किती व्होल्ट, तेंही ठाऊक पाहिजे. हें सर्व ज्यांत असतें तें डेटाशीट पुष्कळ कारखाने बाहेर देत नाहींत. ऋषि, छंद, देवता व विनियोग यांपैकीं कांहींच ठाऊक नसलेल्या मंत्रासारखी ती काच! स्वस्त होती, नातू मोहांत पडला होता. आम्हीं त्यास दंडास धरून बाहेर आणिलें.

अशी विद्या गोळा करणें या भागास नवें नाहीं. दादासाहेब फाळके १९१२ मध्यें लंडनला जाऊन चित्रपटाचें तंत्र शिकून व कॅमेरा घेऊन आले, आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगांवांतच कॉरोनेशनमध्यें लागला. आधीं विद्या, मग यंत्र, हा त्यांचा क्रम आम्हांस फार पटतो.

पांचव्या कीं सहाव्या दुकानांत हवें तें सांपडलें: शार्प कंपनीचा साडेपांच इंची पडदा, १४४० गुणिलें २५६० बिंदूंचा, सोबत तोशिबाच्या चिपचा दुभाष्या बोर्ड आणि कागदही. दुकानदारानें तो गल्ल्यावरच पेटवून दाखविला. चित्र उभें आलें, कारण पडदा मुळांत फोनसाठीं उभा घडलेला. तें संगणकांतून आडवें करावें लागतें. सेकंदास साठ चित्रें, त्यामुळें मान झटक्यानें वळविल्यास दृश्य फरफटतें. दादा मान सावकाशच वळवितात. आमच्या निवृत्तिवेतनाचा मोठा भाग तेथें ठेवून आम्ही उठलों.

भिंगें शाळांस प्रयोगसाहित्य पुरविणाऱ्या एका दुकानांत घेतलीं. पडदा भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित् आंत ठेविला म्हणजे तो दूर असल्यासारखा दिसतो, व डोळ्यांस ताण पडत नाहीं. परंतु दोन्हीं भिंगें जुळावयास हवींत. छत्तीस वर्षें शिकविलेला प्रयोग आम्हीं तेथेंच मांडिला. दाराशीं उभे राहून भिंगामागें कागद धरला. त्यावर समोरचा रस्ता, पाट्या, हातगाड्या, एक बस, सारें उलटें उमटलें. पट्टीनें मोजतां एक भिंग ४५ मिलिमीटर भरलें, दुसरें ४८. दुसरें परत केलें. चौथें जुळलें.

मानेची हालचाल ओळखणारी चिप नातवाच्या खिशांत आली, चार मिलिमीटर चौरस. मागें बांधावयाचा पट्टा मात्र बाजारांतील कुठलाच मऊ वाटेना; तो आमच्या सूनबाई दादांच्या जुन्या धोतराचा शिवणार आहेत.